सर्वानुमते घरातच

सोसायटीचं सभागृह हवं असेल तर एक छापील अर्ज भरावा लागतो. त्यात 'कार्यक्रमाचा हेतू' असा रकाना आहे आणि त्याला बोटभर जागा आहे. बोटभर जागेत मावतील असेच हेतू आमच्या बोईसरात माणसांचे असतात. बारसं, हळदीकुंकू, सत्यनारायण, साड्यांचं प्रदर्शन. मी पेन धरून पाच मिनिटं बसले. खरा हेतू 'नवऱ्याला बोलतं करणे' हा होता. मावला असता, पण तो सेक्रेटरी ललित सावे यांच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून लिहिलं, 'गोष्टीचा खेळ (मोहीम), नवीन खेळाडूंसाठी, दर रविवारी दुपारी चार ते सहा.'

ललितभाऊंनी अर्ज दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. मोहीम कसली, स्वच्छतेची का, असं विचारलं. मी समजावून सांगितलं. एकजण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, समोर नदी आहे, पूर आलाय, आता काय करता? तुम्ही सांगायचं, पोहतो, होडी शोधतो, माघारी फिरतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. अशी ती गोष्ट आठवड्यामागून आठवडे पुढे सरकते, तिला मोहीम म्हणायचं. माझी उत्कर्षा हैदराबादला असते, तिच्या ऑफिसातली शिकलीसवरलेली माणसं सुट्टीच्या दिवशी हेच खेळतात.

"म्हणजे नाटक," ललितभाऊ म्हणाले.

"नाटकाचा शेवट ठरलेला असतो. ह्याचा नसतो."

"शेवट ठरलेला नसेल तर सभागृह सहाला रिकामं होणार कसं?"

फासा हा शब्दही त्यांना खड्यासारखा लागला होता. शेवटी तीन अटींवर परवानगी मिळाली. एक, समितीचे प्रतिनिधी म्हणून ते स्वतः हजर राहतील. दोन, खेळाडूंची यादी, प्रत्येकाने घेतलेल्या सोंगाच्या नावासकट, सूचना फलकावर लागेल, म्हणजे आत नेमकं कोण बसलंय याबद्दल सभासदांच्या मनात शंका नको. तीन, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जाईल. दुसऱ्या अटीकडे मी तेव्हा नीट पाहिलं असतं तर आज हे लिहीत बसले नसते. पण अटी माणूस वाचत नाही, उरकतो.

आता खऱ्या हेतूबद्दल.

आठ महिन्यांपूर्वी एमआयडीसीत ह्यांच्या कारखान्यात रसायनांचा रिअॅक्टर फुटला. हे म्हणजे माझे यजमान, रामकिसन. परळीहून आलेला माणूस, सव्वीस वर्षं एकाच प्लांटवर ऑपरेटर. त्या दिवशी दुपारपाळीला हे असायचे होते. त्यांच्या जागी होते अंकुश, सफाळ्याचे, ह्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, ह्यांच्या हाताखाली शिकलेले. पाळी बदलून घे, असं ह्यांनीच त्यांना फोन करून सांगितलं होतं, कारण आमचा सोफा येणार होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सोफा चढवताना घरात पुरुषमाणूस हवं, असं मी म्हणाले होते. हे वाक्य लिहिता येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं.

सोफा सुखरूप चढला, एक ओरखडा नाही. खिडक्यांच्या काचा थरथरल्या तेव्हा हमाल त्याचे पाय बसवत होते.

तेव्हापासून हे त्या सोफ्यावर बसलेले नाहीत. त्याच्यावरचं दुकानातलं प्लास्टिकही निघालेलं नाही. हे शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात, आणि सोफा पाहुण्यासारखा समोर अंग चोरून बसतो. बोलणं म्हणजे हो, नको आणि चहा. सफाळ्याला अंकुशच्या मागे राहिलेल्या बायकोला, शालूला, भेटायला आम्ही दोनदा निघालो. एकदा पालघरच्या चौकातून परत फिरलो आणि एकदा आमच्याच जिन्यातून. डॉक्टर म्हणाले, ह्यांना जे सांगायचंय ते ज्याला सांगायचंय त्याला एकदा सांगून होऊ द्या, नाहीतर हा माणूस असाच आत आत जात राहील. आत म्हणजे कुठे, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी रोज बघत होते.

सल्ल्यांची मात्र आमच्या इमारतीत कधी टंचाई नव्हती. शेजारच्या प्रेमलाताईंनी एडवणच्या समुद्रावर न्यायला सांगितलं. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. हे दोन तास लाटांकडे टाकीची पातळी बघावी तसे बघत बसले आणि भरती आली तसे उठले. तळमजल्यावरच्या गोजराबाईंनी नजर उतरवली, आणि नजर फार जुनी आहे, मिरच्यांनी भागणार नाही, असा निष्कर्ष काढला. मग एक दिवस फोनवर उत्कर्षा त्या खेळाचं सांगत होती आणि म्हणाली, "आई, त्यात माणसाला दर दोन मिनिटांनी विचारतात, तू काय करतोस? उत्तर द्यावंच लागतं." माझ्या डोक्यात दिवा लागला. उत्तर द्यावंच लागतं असा खेळ आमच्या घराला हवा होता.

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. पण शिवण, स्कूटर, कॉम्प्युटर, इन्सुलिनचं इंजेक्शन, सगळं आपलं आपण शिकले, कुणापुढे हात पसरला नाही. सूत्रधारीही तशीच शिकले. दीड महिना फोनवर बघून बघून चौसष्ट पानी वही भरली. खाडीकाठचं एक गाव, गावावर गड, खाडीतून येणारा राक्षस. राक्षसाला मी आईवेगळा केला, म्हणजे पुढेमागे त्याची थोडी दया यावी. गडावर मशाल नेऊन पेटवली की राक्षस जातो. वाटेत एकवीस संकटं. उत्कर्षाने वीस तोंडांचा निळा फासा कुरियरने धाडला. तो कुरियर ललितभाऊंनीच घेतला आणि पाकिटावरूनच चाचपून बघितला.

पहिल्या रविवारी आधी सोंगं ठरवायची होती. मी कागद वाटले. नाव, काम, गुण, दोष, हत्यार. गोजराबाईंनी नाव लिहिलं गोजराबाई. दुसऱ्या कुणाचं नाव घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावानं म्या कशाला मरू?" दोषाच्या रकान्यात 'सुनेला विचारा' असं लिहायला लावलं. प्रेमलाताईंचं माहेर घिवलीचं, वाडीतलं. त्या माडावर चढणारी बाई झाल्या, हत्यार कोयता. समितीच्या प्रतिनिधीने नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून ललितभाऊंनीही कागद मागितला. काम: अध्यक्ष. हत्यार: शिक्का.

ह्यांनी कागद बराच वेळ समोर ठेवला. मग एकच रकाना भरला. नाव: अंकुश.

त्या तिघांना ते कोण हे ठाऊक नव्हतं. पेपरात नावं आली होती, पण स्फोटातली नावं आमच्याकडे फार दिवस लक्षात राहत नाहीत, पुढची येतात. मला कागद ओढून घ्यावा असं वाटलं, पण आठ महिन्यांत ह्या माणसाने पहिल्यांदा हातात पेन धरलं होतं. मी कागद तसाच राहू दिला. ललितभाऊंनी यादीत शुद्ध अक्षरात उतरवलं, 'रामकिसन (अंकुश)', आणि यादी फलकावर गेली.

मग मी वही उभी धरली, कारण सूत्रधाराची पानं खेळाडूंना दिसू द्यायची नसतात, आणि आवाज खोल काढून सुरुवात केली. "संध्याकाळची वेळ आहे. तुम्ही गावातल्या एका घरात बसला आहात. एवढ्यात गडावरून भोंगा वाजतो. काय करता?"

भोंगा मी मोठ्या हौसेने घातला होता. भोंगा ऐकून वीर धावत गडाकडे निघतात, असं पान तीनवर लिहिलं होतं.

"दारं-खिडक्या लावून घेते," प्रेमलाताई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या.

"नाकाला ओलं फडकं," गोजराबाई म्हणाल्या.

"पिण्याच्या पाण्यावर झाकण," ललितभाऊ म्हणाले. "अफवांवर विश्वास ठेवायचा नाही. अधिकृत घोषणा होईपर्यंत कोणीही बाहेर पडायचं नाही."

चूक माझीच होती. इथे अणुऊर्जा केंद्राच्या आसपासच्या गावांना वर्षानुवर्षं हीच रंगीत तालीम दिलेली आहे. घिवलीतलं शेंबडं पोरही भोंगा म्हटलं की आधी खिडकी लावतं. आणि एमआयडीसीत भोंगा वाजला की कुठल्या वायूला कुठलं फडकं, हे आमच्या बायकांना पाककृतीसारखं पाठ. अशा मुलखात मी भोंग्याने वीरांना बाहेर बोलवायला निघाले होते.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "अंकुश काय करतो?"

"थांबतो," हे म्हणाले.

एक शब्द, पण हो नाही, नको नाही, चहाही नाही. मी तो शब्द घरी पदरात बांधून नेला.

मोहीम मात्र तिथेच रुतली. दुसऱ्या रविवारी मी घरातलं धान्य संपवलं. प्रेमलाताईंनी सुके बोंबील काढले, तांदूळ काढले, वर्षाची बेगमी. मी गडावरून जासूद धाडला. गोजराबाईंनी दाराच्या फटीतून त्याचं आधार कार्ड मागितलं. मी बाहेर एक बाळ रडवलं. तिघांचे चेहरे पडले, कुजबुज झाली, आणि ललितभाऊंनी सांगितलं की बाळाबाबत संबंधित यंत्रणेला कळवण्यात आलं आहे. राक्षसाने पाटील खाल्ला, पाटलाच्या म्हशी खाल्ल्या, देवळातली घंटा चावली. दर वेळी मी विचारायची, आता? आणि इतिवृत्तात पडायचं, 'सर्वानुमते घरातच थांबण्याचे ठरले.' एकवीस संकटांपैकी एकही वापरलं गेलं नाही. फासा तर मधोमध कोराच पडून होता. मी दर वेळी ह्यांना विचारायची आणि हे म्हणायचे, थांबतो. हळूहळू तो शब्दही माझ्या पदरात जड व्हायला लागला. खेळ काढला होता ह्यांना बाहेर काढायला, आणि मी ह्यांच्यासोबत आणखी तिघांना आत कोंडलं होतं.

वर इमारतीत आमची अब्रू निघाली ती वेगळीच. दुसऱ्या मजल्यावरून लेखी तक्रार आली की सभागृहात स्त्रिया फासे टाकतात. आम्ही अजून एकदाही टाकला नव्हता, हे सांगणं मला कमीपणाचं वाटलं. माझी बाजू घ्यायची म्हणून प्रेमलाताईंनी फलकावरच्या यादीचा फोटो काढला, खाली 'आमचा सांस्कृतिक उपक्रम, सर्वांचे स्वागत' असं लिहिलं, आणि घिवलीच्या माहेरवाशिणींच्या ग्रुपवर टाकला. माहेरवाशिणी सगळीकडे दिलेल्या असतात. काही सफाळ्यालाही आहेत.

तिसऱ्या रविवारी गोजराबाईंनी सभागृहाचं खरं दार लावून आतून कडी घातली. खेळायचं तर नीट खेळा, म्हणाल्या. साडेचारच्या सुमारास मी राक्षसाला अंगणात आणून उभा केला, आणि दारावर थाप पडली.

"कोन हाय?" गोजराबाईंनी विचारलं.

"शालू," बाहेरून आवाज आला.

"कुठली शालू?"

"सफाळ्याची. अंकुशची."

ललितभाऊंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आवाजाची सोय छान केलीत वहिनी, पण ओळख पटल्याशिवाय आम्ही उघडणार नाही, असं म्हणाले. प्रेमलाताईंनी त्यांच्या दंडाला धरलं. "उघडू नका. मानसाचा आवाज काढतंय ते." मला बोलायचं होतं, हा खेळ नाही म्हणायचं होतं. चौसष्ट पानांत ह्याच्यासाठी एक ओळ नव्हती.

हे उठले.

"अंकुश दार उघडतो," हे म्हणाले.

"फासा," ललितभाऊ म्हणाले. "आधी फासा टाकावा लागेल, रामकिसनभाऊ." तोवर ह्यांनी कडी काढली होती.

शालू दारात उभी होती, पस्तिशीची, अंगणवाडीतल्या निळ्या साडीत, हातात फोन. फोनवर आमची यादी. तिने आमच्यावरून नजर फिरवली. "माझ्या नवऱ्याचं नाव इथं कोनी लावलंय?"

"मी," हे म्हणाले.

प्रेमलाताईंच्या डोक्यात तेव्हा सगळं जुळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. गोजराबाईंनी मुकाट्याने आपली खुर्ची पुढे सरकवली आणि शालूला बसवलं. हे काय चाललंय, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे माणसं होतात. अर्ज देताना जी वाक्यं मला सुंदर वाटली होती तीच आता जिभेवर घाण लागत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आमचे काय करतात ह्यात?"

अशा वेळी फक्त कार्यालयाला वाचा असते. ललितभाऊंनी इतिवृत्त उघडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. "बैठक पहिली. श्री. अंकुश थांबतात. श्री. अंकुश थांबतात. बैठक दुसरी. श्री. अंकुश थांबतात." ते वाचत गेले. मी मोजत गेले. सतरा वेळा.

"थांबतात?" शालू म्हणाली. "भाकरी वाढेपर्यंत थांबवत नव्हतं त्यांना. उभ्यानं खायचे." मग तिने ह्यांच्याकडे पाहिलं. "आता दार उघडलंय ना? मंग जाऊ दे त्यांना बाहेर."

हे टेबलाशी आले. राक्षस अंगणात होता, त्याच्या बाजूने निसटायला आठ किंवा त्याहून जास्त हवे होते, हे मी सांगितलं, कारण नियम तेवढाच माझ्या हातात उरला होता. ह्यांनी निळा फासा उचलला. त्या फाशाने तीन आठवड्यांत पहिल्यांदा उडी घेतली. उत्कर्षाने मला बजावलं होतं, नवीन खेळाडूंना मारू नकोस आई, वाईट पडलं तर वहीमागे धरून खुशाल खोटं सांग, सूत्रधाराला ती मुभा असते. मी वही उभी धरलीच होती. पण फासा घरंगळत शालूपुढे जाऊन थांबला.

"तीन," शालू म्हणाली. "तीनला काय होतं?"

मी सांगितलं काय होतं ते.

मग ललितभाऊ उठले, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले की मोहिमेच्या एका सदस्याचं निधन झालं असल्याने आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. चौसष्ट पानी वही त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. पण शालू उभी राहिली. मग गोजराबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, प्रेमलाताई उठल्या. अंकुश आमच्या सोसायटीचे सभासद नव्हते, भाडेकरू नव्हते, आठ महिन्यांत आमच्या इमारतीत त्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं. ललितभाऊंनी घड्याळ लावून पुरती दोन मिनिटं घेतली. एक सेकंद मारला नाही त्या माणसाने. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला ते सेक्रेटरी वाटले.

सगळे बसले. हे बसले नाहीत.

"सोफा येणार होता," हे म्हणाले. शालूकडे बघून, पण तिच्या पायांकडे. "आमचा. तिसरा मजला, म्हणून मी त्याला फोन केला. तू जा म्हणालो. मी जायला पाहिजे होतं. सोफ्यासाठी थांबलो मी घरी."

मी म्हणाले होते थांबा, हे मी म्हणणार होते. शालूने मला हातानेच अडवलं.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "डबा भरत होते तवा सांगितलं त्यांनी. रामकिसनभाऊंचा सोफा येतोय, म्हनाले, आता आपल्याला बसायला बोलवतील." तिने फोन पर्समध्ये टाकला. पर्सची चेन अडकली, ती तिने सावकाश सोडवली. "आठ महिने वाट बघितली, भाऊ. तुमी बोलवलंच नाय."

ह्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी सत्तावीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. प्रेमलाताईंनी नंतर इमारतभर सांगितलं की रामकिसनभाऊ रडले. रडणं नव्हतं ते. घट्ट बसलेली झडप फिरवताना येतो तसा आवाज होता.

"वर चला," मी म्हणाले.

आम्ही तिघं जिना चढलो. तीन मजले, लिफ्ट अजून नाही. घरात शिरल्यावर मी सोफ्याचं प्लास्टिक काढायला लागले. आठ महिन्यांच्या उकाड्याने ते कापडाला चिकटलं होतं, सोलल्यासारखं निघालं, आणि मी त्याच्याशी झटत असताना ही दोघं खटल्यातल्या साक्षीदारांसारखी उभी राहून बघत होती. शेवटी शालू पुढे झाली, तिने दुसरं टोक धरलं, आम्ही दोघींनी ओढलं.

ती बसली. अगदी कडेला, परक्या घरी बसतात तशी. मग जराशी मागे सरकली. हाताने बाजूला दाबून पाहिलं.

"टणक हाय," ती म्हणाली.

"हो," हे म्हणाले, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

मी ह्यांची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि मागच्या गॅलरीत घेऊन गेले. मला रडायचं होतं, आणि बाई रिकाम्या हाताने गॅलरीत गेली की लगेच कळतं.